आधी वळवून दाखवा

बरेच दिवस इथे काही खरडलं नव्हतं. लिहायला विषय नव्हता असं नाही, बसायला वेळ नव्हता. पण नाताळच्या जेवणावर आमच्याकडे जो काथ्याकूट झाला, त्यानंतर गप्प बसवत नाही. तिथे मी एकटी होते आणि समोर अकरा माणसं. त्यातली निम्मी हा ब्लॉग वाचतात (आणि वाचत नाही असं सांगतात). तर काका, आत्या, मावशी आणि विशेषतः माझा धाकटा भाऊ, तेव्हा वांग्याच्या भाजीत आणि आरडाओरड्यात जे बोलता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहिते. ब्लॉगमित्रांनो, घरचं भांडण चव्हाट्यावर आणतेय, त्याबद्दल माफी. पण विषय बोटीचा आहे, आणि बोटीतलं ज्यांना काही कळत नाही त्यांनाही समजेल असं लिहायचा प्रयत्न करते.

विषय असा. आम्ही उत्तनचे. बाबांची डोलीची बोट होती, लाकडी. बोंबील, करंदी, जवळा यांवर आमची शिक्षणं झाली. बाबांनी दर्या सोडला, बोटीतला हिस्सा विकला, आणि भावाला आता स्वतःची छोटी बोट घ्यायची आहे. डोलीची नाही, गळाची. भाईंदरच्या खाडीत जिताडा धरायचा, आणि मुंबईहून हौशी गळवाले येतात त्यांना शनिवार-रविवार फिरवायचं. कल्पना वाईट नाही. जिताड्याला भाव आहे, हौशी लोकांकडे पैसा आहे. (मासेमारीची नोंदणी असलेल्या बोटीतून पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत, त्यासाठी मेरीटाइम बोर्डाकडे वेगळं जावं लागतं, हे मी त्याला तीनदा सांगून झालंय. असो.) त्याला काही लाख कमी पडतायत आणि ते माझ्या एफडीत आहेत. त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. आमच्यात बायका बोटीवर जात नाहीत, पण बोटीचा हिशोब कुणाच्या हातात असतो ते उत्तन, पाली, चौक इथल्या कुठल्याही घरात जाऊन विचारा.

त्याने पसंत केलेली बोट म्हणजे वीस फुटी फायबरची, रुंद, बसकी, चकचकीत, आणि मागे ११५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड. "ताई, पन्नासच्या वर जाते!" किलोमीटर, ताशी. हे वाक्य त्याने जेवताना किमान सहा वेळा म्हटलं आणि दर वेळी टेबलावरच्या पुरुषमंडळींच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, लहानपणी जत्रेतली मोटारसायकल बघताना असायचा तो.

ही आवड त्याला लागली अमेरिकन व्हिडिओंमधून. तिकडे बास नावाचा मासा गळाने धरतात आणि त्यासाठी खास बोटी असतात. चपट्या, झगमगत्या, पाण्यावरून उडत गेल्यासारख्या. बासच्या कुळीशी तुलना करायची तर आपला जिताडाच जवळचा. इंग्रजीत त्याला एशियन सी बास म्हणतात, त्यामुळे भावाची खात्रीच पटली की ती बोट जणू आपल्यासाठीच बनली आहे. मग मीही जरा वाचलं. पहिली बास बोट १९४८ साली लुईझियानात होम्स थर्मंड नावाच्या माणसाने बनवली. तिचं नाव 'स्कीटर', म्हणजे डास! साधीसुधी. वेगाचं वेड आलं ते १९६७-६८ नंतर, रे स्कॉटने बक्षिसाच्या स्पर्धा सुरू केल्यावर. स्पर्धा म्हणजे घड्याळ. सकाळी सगळ्यांनी एकदम सुटायचं, मैलोगणती पसरलेल्या धरणाच्या पाण्यात चांगली जागा दुसऱ्याच्या आधी गाठायची आणि ठरलेल्या वेळेला वजनकाट्यावर परत यायचं. दहा मिनिटं उशीर झाला तर बक्षीस गेलं. म्हणून तो वेग. शिवाय ते गोडं पाणी, भरती नाही, ओहोटी नाही, मधे जाळी नाहीत.

आता आपली खाडी. भाईंदरच्या धक्क्यावरून समोर वसईला जी रो-रो २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तिचं पाण्यातलं अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. जिताडा कुठे असतो? कांदळवनाच्या कडेला, छोट्या खाड्या मोठ्या पाण्यात उघडतात त्या तोंडाशी, पुलाच्या खांबांच्या आडोशाला, पाणजू बेटाच्या आसपास. प्रवाहात तो पोहत बसत नाही, आडोशाला उभा राहतो आणि वाहत येणारी कोळंबी, बोय पकडतो. म्हणजे भावाच्या सगळ्या जागा धक्क्यापासून सात-आठ किलोमीटरच्या आत. सात किलोमीटर ताशी ५० ने गेलं तर साडेआठ मिनिटं. ताशी १८ ने गेलं तर तेवीस. वाचली किती? पंधरा मिनिटं. आणि तिथे पोचून करायचं काय? पाणी फिरायची वाट बघायची! जिताडा पाण्याच्या ओढीवर खातो, आणि भरती-ओहोटी सहा तासांच्या हिशोबाने चालते. ११५ घोडे लावले म्हणून चंद्र काही लवकर येत नाही.

हे मी जेवताना म्हणाले तेव्हा काका म्हणाले, "वेळ वाचला तर वाईट काय?" वाईट काही नाही काका. पण ती पंधरा मिनिटं फुकट मिळत नाहीत, आणि त्यांची किंमत पेट्रोलमध्ये मोजली तर चुकते. ती मोजायची बोट हातात किती राहते त्यावर.

इथे थोडं शास्त्र. घाबरू नका, बाबांनी मला हे शास्त्र म्हणून शिकवलं नव्हतं, 'बोट बसते' एवढंच म्हणायचे. पाण्यात चालणारी प्रत्येक बोट स्वतःची लाट तयार करते आणि एका मर्यादेपर्यंत त्या लाटेतच चालते. ही मर्यादा बोटीच्या लांबीवर ठरते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, आली सागरी मैलांत ताशी गती. वीस फुटी बोटीची पाण्यातली लांबी अठरा धरली तर उत्तर येतं पावणेसहा, म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. याच्या पुढे जायचं तर बोटीला आपल्याच लाटेच्या चढावर चढावं लागतं. नाळ वर उचलली जाते, मागची बाजू बसते, पाणी मागे ढिगासारखं उठतं, इंजिन ओरडतं. पुरेशी ताकद असेल तर बोट तो चढ ओलांडते, आडवी होते आणि पाण्याच्या वरून घसरायला लागते. व्हिडिओत दिसते ती ही घसरण. छान दिसते, आणि खरं सांगायचं तर सपाट पाण्यावर चालतेही छान.

पण मधला तो चढ! वीस फुटी रुंद बोटीसाठी तो साधारण ताशी अकरापासून बावीस-चोवीस किलोमीटरपर्यंत असतो. या टप्प्यात ती सर्वात वाईट चालते. समोरचं दिसत नाही, सुकाण धड लागत नाही, अंतराच्या हिशोबाने पेट्रोलही भरपूर जातं. अमेरिकेच्या धरणावर हा टप्पा काही सेकंदांचा. थ्रॉटल ओढला, नाळ वर, नाळ खाली, चालली. आपल्या खाडीत? इकडे पाग टाकणाऱ्याचं होडकं, तिकडे कुणाचं जाळं, पुलाखाली प्रवाह, पुढे रो-रोची वाट, मधेच वाहत आलेला ओंडका. आणि निर्माल्याच्या पिशव्या, ज्या आपले भाविक लोकलच्या दारातून खाडीला अर्पण करतात. पिशवी पंख्याला गुंडाळली की बोट लंगडते, थंड पाणी आत ओढायच्या जाळीवर चिकटली की इंजिन तापतं. मग दर मिनिटाला वेग कमी कर, पुन्हा वाढव. म्हणजे बोट घसरायला लागते न लागते तोच खाली येते, परत चढायला लागते. पन्नासची बोट घेऊन तुम्ही आयुष्यभर पंधरा आणि वीसच्या मधे चालवणार, जिथे ती मुळात चालवण्यासारखीच नाही. माझं सगळं भांडण एवढ्याचसाठी आहे. जास्तीत जास्त वेग किती, हा प्रश्नच चुकीचा. मला रोज ज्या वेगाने जायचंय त्या वेगाला ही बोट कशी वागते, हे विचारा.

आणि हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. मी त्या बोटीत बसले होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विकणाऱ्याने बोट दाखवायला बोलावलं. भाऊ, त्याचे दोन मित्र आणि मी. (बाई बोटीत आली म्हणून विकणाऱ्याचा चेहरा पडला, त्याचं मला दुःख नाही.) सकाळची वेळ, भांगाची भरती, पाणी तुडुंब आणि जागच्या जागी, वारा नावाला. अशा पाण्यात दरवाजाची फळी टाकली तरी चालेल. त्याने एक सरळ रेघ मारली. वाऱ्याने माझी ओढणी उडाली, भावाने हात वर केले, मित्रांनी मोबाईल. मजा आली, मी नाही म्हणत नाही. मग त्याने वेग कमी केला आणि म्हणाला, "काय मॅडम?"

मी म्हटलं, "आता वळवून दाखवा."

तो हसला. मी म्हटलं, समोर जाळं दिसलं असं समजा. त्याने मोठा वळसा घेतला, इतका मोठा की त्यात चार जाळी मावली असती. मी म्हटलं, असं नाही, आखूड. तेव्हा त्याने चाक जरा जोरात फिरवलं आणि बोटीची मागची बाजू पाण्यावरून सरकत बाहेर गेली, ओल्या लादीवर चप्पल सरकते तशी. पंख्याने पाणी सोडून हवा धरली, इंजिन किंचाळलं, वेग एकदम मेला आणि मागून आमचीच लाट येऊन फळीवर आपटली. पाय भिजले. त्याचं म्हणणं, वजन मागे झालंय. बरोबर! वजन मागे होणारच. ११५ चं इंजिन पावणेदोनशे किलोच्या आसपास असतं, पेट्रोलची टाकी मागे, आणि गळवाले कुठे उभे राहणार? मागेच.

त्यानंतर जे झालं ते आजवर घरात मी सांगितलं नव्हतं. त्याने बोट पुन्हा पळवायला थ्रॉटल ओढला. आम्ही चौघे मागे. नाळ वर गेली आणि वरच राहिली. मला समोर फक्त पांढरं फायबर आणि आकाश दिसत होतं. त्यालाही तेवढंच दिसत असणार. चार सेकंद, पाच सेकंद. मी बाजूला वाकले म्हणून मला ते होडकं दिसलं. एक म्हातारा, हातात पाग, आमच्याकडे पाठ. मी ओरडले. त्याने थ्रॉटल सोडला, बोट धपकन बसली, आमची लाट त्या होडक्याला जाऊन लागली आणि म्हातारा काठ धरून खाली बसला. शिव्या दिल्या त्याने, चांगल्या खणखणीत. मला फार बरं वाटलं त्या शिव्या ऐकून, कारण शिव्या द्यायला तो शिल्लक होता.

भाऊ परतताना म्हणाला, "ताई, सवय झाली की जमतं."

१८ डिसेंबर २०२४ आठवतंय का? गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनची चाचणी सुरू असताना ताबा सुटला, असं नौदलानेच सांगितलं. पंधरा माणसं गेली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे, आपल्या घरच्या ग्रुपवरही फिरला होता. ती बोट चालवणाऱ्यांना सवय नव्हती असं म्हणायचंय का कुणाला? मी त्या अपघाताचं कारण सांगायला बसलेले नाही, ते ज्यांचं काम त्यांनी करावं. पण वेगातल्या बोटीवरचा ताबा गेला की चुकीला जागाच उरत नाही, एवढं त्या चित्रात दिसतं. ज्या अमेरिकेचे व्हिडिओ भाऊ बघतो, तिथेही १ एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांच्या आतल्या बोटीत, बोट पळत असताना, इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवणं कायद्याने बंधनकारक झालंय. माणूस उडून पडला की इंजिन बंद. म्हणजे माणसं उडून पडतात, हे त्यांनी मान्य केलंय. आमच्या विकणाऱ्याच्या बोटीत ती लाल दोरी होती. चावीला गुंडाळून ठेवलेली.

आता जेवणाच्या टेबलावरची बाकीची अस्त्रं. आत्याचं म्हणणं, वादळ आलं तर वेगवान बोट पळून येईल. आत्या, २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा बातमी पोचेपर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी बोटी समुद्रात होत्या, तू स्वतः रात्रभर जागी होतीस. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं, त्याची सूचना कितीतरी दिवस आधी होती, तेव्हा बोटी किनाऱ्याला ओढायला वेळ मिळाला. फरक पडला तो बातमीने. आणि लाटा उठलेल्या असताना हलकी बसकी बोट पळवायची म्हणजे काय, ते बाबांना विचार. मागून येणारी लाट बोटीला उचलते, नाळ पुढच्या लाटेत घुसते, मागची बाजू फिरते आणि बोट आडवी होते. त्या वेळी वेग उपयोगाचा नसतो, सुकाण ऐकणारी बोट उपयोगाची असते.

चुलतभावाने इतिहास काढला. आंग्र्यांची गलबतं वेगवान होती म्हणून इंग्रज घाबरले. अरे बाबा, ती गलबतं हलकी होती, उथळ पाण्यात शिरायची आणि त्यांच्यावर चाळीस-पन्नास वल्हेकरी असायचे. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी उभं, आणि आपली गलबतं वल्ह्यांवर त्याच्या मागच्या अंगाला जाऊन तोफा डागायची. त्याला वेग नाही म्हणत, वळणं म्हणतात! माझ्याच बाजूचा पुरावा तू मला दिलास, आभारी आहे :)

मावशी म्हणाली, मासा ताजा येईल. मावशी, बर्फ.

एकच मुद्दा मला खोडता आला नाही, तो भावजयीचा. ती म्हणाली, हौशी लोक मासा धरायला येत नाहीत, फोटो काढायला येतात, त्यांना पळणारी बोटच हवी असते, साध्या बोटीत कोण पैसे देऊन बसेल? हे खरं असू शकतं. मी यावर दोन रात्री विचार केला. माझं उत्तर इतकंच की ज्यांना पळायचंय त्यांनी जेट स्की घ्यावी, गोव्यात मिळते. जिताडा धरायला येणारा माणूस वेगळा असतो. तो तीन तास गप्प उभा राहतो. त्याला पायाखाली न हलणारी बोट लागते, आणि दोघं एका काठाला आले की ती कलंडायला नको. असा माणूस एकदा आला की परत येतो. पण हे माझं मत आहे, भावजयीचं खरं ठरलं तर मी इथेच कबूल करीन.

बाबा या सगळ्यात काही बोलले नाहीत. जेवून झाल्यावर गच्चीत गेले. मी मागे गेले तर म्हणाले, "सहा सिलिंडर आठवतं का तुला?"

आठवतं. आमच्या बोटीवर आधी दोन सिलिंडर होतं, मग चार. मग शेजारच्याने सहा लावलं म्हणून आम्हीही सहा लावलं. बंदरात तेव्हा बोटीला नावाने कमी आणि सिलिंडरने जास्त ओळखायचे. लाकडी बोट, अंगाने जड, पाण्यात बसलेली, ती काही घसरणारी जात नव्हे. तिची मर्यादा तिच्या लांबीने ठरवून टाकलेली. त्या मर्यादेजवळ आलं की थोडासा वेग वाढवायलाही ताकद भरमसाट लागते. बोट आपल्या लाटेत बसलेली असताना ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात ताकद लागते, म्हणजे वेग सव्वापट करायचा तर ताकद जवळजवळ दुप्पट. आम्ही घेतलं दीडपट इंजिन, आणि मिळालं काय? जाळ्यापर्यंतच्या चार तासांच्या वाटेत वीस-पंचवीस मिनिटं. डिझेलची वही माझ्याकडे आहे, निळ्या पुठ्ठ्याची, त्यात माझ्या नववीतल्या अक्षरात प्रत्येक फेरीचे लिटर लिहिलेत. इंजिन बदललं त्या पानापासून आकडा दीडपट झालाय आणि पुढे कधी खाली आला नाही. बोंबील तेवढेच. वर जड इंजिनाने बोट मागे बसायला लागली, भरलेली डोल ओढताना सुकाण ऐकेना, आणि बाबांना तांडेलाशेजारी आणखी एक माणूस सुकाणावर ठेवावा लागला. त्याचा वाटा वेगळा.

"शेजारच्याच्या बोटीकडे बघून घेतलं," बाबा म्हणाले. "पाण्याकडे बघून नाही." आणि बिडी विझवून खाली गेले. टेबलावर हे बोलले असते तर माझी बाजू किती भक्कम झाली असती! पण मुलाचा हिरमोड त्यांना करवत नाही. तो वाईटपणा माझ्याकडे.

लाकूडच घे असं मी म्हणत नाही, हेही स्पष्ट करते, नाहीतर ताई जुन्या काळात अडकली असं म्हणायला सगळे मोकळे. सागाची बोट आता परवडत नाही, दरवर्षी सांधे भरा, तेल लावा, शिवाय सुतार कुठे आहेत? फायबर उत्तम. आउटबोर्डही उत्तम, उथळात पंखा वर उचलता येतो, गाळात रुतत नाही. माझं भांडण फायबरशी नाही.

मी बघून ठेवलेली बोट सव्वीस फुटी आहे, साडेसहा फूट रुंद. दिसायला आपल्या जाळेवाल्यांच्या फायबर होड्यांसारखीच, नाळ उंच आणि निमुळती, तळाला पुढे चांगला खोल कोन, मागे सपाट होत गेलेला. लांब आणि सडपातळ अंगाला तो मधला चढ फार जाणवत नाही, दहावरून वीसवर जाताना नाळ थोडी उचलते, बस्स. समोरचं सगळं दिसतं. निमुळती नाळ छोट्या लाटा कापते, बसकी त्यांच्यावर आपटते (कंबर कुणाची दुखणार, पन्नाशीतल्या हौशी गिऱ्हाइकांची). तोटे? आहेत. रुंद बोटीपेक्षा ती थोडी जास्त डुलते, धक्क्याला लावायला जागा जास्त लागते, आणि दिसायला, भावाच्या शब्दांत, "मासळी बाजार" आहे. मागे ४० चं फोर-स्ट्रोक. वजन शंभर किलोच्या आसपास. दोन माणसांनी ती ताशी तीसच्या पुढेही जाते, पाच माणसांनी अठरा-वीस आरामात. म्हणजे पळता येतच नाही असं नाही. लागलं तर पळते, पण तिचा स्वभाव अठराचा आहे आणि आपली खाडीही अठराचीच आहे. पुढेमागे पुरेसं वाटलं नाही तर ६० लावता येईल, फळी तेवढी मजबूत करून घ्यायची. वरच्या पैशात एक लहान जादा इंजिन, दोन वल्ही, सगळ्यांना जाकिटं आणि बर्फाची चांगली पेटी येते. ११५ च्या बोटीत नुसत्या इंजिनलाच बोटीच्या अंगापेक्षा जास्त पैसे पडतायत, आणि वल्ही ठेवायला जागाही नाही, मी विचारलं होतं.

एवढं लिहून झाल्यावर भावाला फोन केला. पोस्ट टाकतेय म्हटलं. तो म्हणाला, टाक, पण तुझी ती बोट तू तरी कुठे चालवून पाहिलीस? हा मुद्दा त्याचा बरोबर आहे. मी तीही भरतीच्याच पाण्यात पाहिली.

म्हणून असं ठरवलंय, आणि सगळ्यांसमोर लिहून ठेवते. पुढच्या अमावास्येला उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमाराला भरेल. अडीचपर्यंत ओहोटीला चांगली ओढ लागते आणि समुद्रावरून वारा सुटतो. पाणी बाहेर जातं, वारा आत येतो, मग खाडीच्या तोंडाशी ज्या उभ्या आखूड लाटा उठतात, त्यात दोन्ही बोटी आणायच्या. दोन्ही विकणाऱ्यांना मी कळवलंय. एक हो म्हणाला, दुसऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही, कुठला ते सांगत नाही. प्रत्येक बोटीत पाच माणसं, तिघं मागे उभी. आधी अठराने सरळ, मग आखूड वळण डावीकडे आणि उजवीकडे, मग लाट पाठीवर घेऊन परत, आणि शेवटी प्रवाहात इंजिन बंद करून दोघांनी एका काठाला उभं राहायचं. चालवायचं विकणाऱ्याने नाही, भावाने. जी त्याचं ऐकेल तिचे पैसे मी देते, ११५ असली तरी.

बाबा येणार आहेत. काका, तुम्हीही या, पण चप्पल घालून नका येऊ, धक्क्यावर शेवाळ आहे. आणि भाऊराया, तुझा तो जाड मित्र नक्की आण, त्याला मागेच उभं करायचंय.